पिवळ्या पडलेल्या हेडलाइटची घरच्या घरी दुरुस्ती : कामाच्या नोंदी

९ नोव्हेंबर २०२४, शनिवार

गाडी जानेवारी २०१० मध्ये नोंदलेली, छोटी, पेट्रोलवर चालणारी आणि एच-फोर बल्बची आहे. येत्या जानेवारीत तिला पंधरा वर्षे पूर्ण होतात, म्हणजे पुढील पाच वर्षांसाठी नोंदणीचे नूतनीकरण आणि त्यासाठी आरटीओची तपासणी आलीच. तपासणी नसती तरी हे काम हाती घ्यावेच लागले असते, कारण सांगलीच्या आसपास ऊसहंगाम सुरू झाला की रात्रीच्या रस्त्यावर मागे दिवा नसलेल्या ट्रॉल्या असतात आणि सध्याच्या उजेडात त्या फार उशिरा दिसतात.

आज फक्त पाहणी केली. गाडी उघड्यावर, तोंड दक्षिणेला करून उभी असते. उजव्या हेडलाइटवर दुपारपासून संध्याकाळपर्यंत ऊन असते, तर डाव्या बाजूला शेजारच्या भिंतीची सावली मिळते. परिणामी उजवी काच गडद पिवळी व खरखरीत झाली असून तिच्या वरच्या कडेला संरक्षक थराचे पोपडे सुटू लागले आहेत. डावी केवळ धुरकट आहे. (काच म्हणायची सवय आहे म्हणून तसे लिहितो, वस्तू पॉलिकार्बोनेट या पारदर्शक प्लास्टिकची आहे.)

कामाला लागण्यापूर्वी एक चाचणी सर्वांनी करावी. काच धुऊन ओली असतानाच पाहावी. ओली काच स्वच्छ दिसली आणि वाळताच पुन्हा धुरकट झाली, तर बिघाड बाहेरच्या पृष्ठभागावर आहे आणि घासून तो जाईल. ओली असतानाही डाग तसेच राहिले, तर ते आतल्या बाजूला किंवा प्लास्टिकच्या आत आहेत आणि बाहेरून कितीही घासले तरी हलणार नाहीत. माझ्या दोन्ही काचा पाण्याने जवळजवळ नितळ दिसल्या. उजवीकडे वरच्या कोपऱ्यात केसासारख्या बारीक भेगांचा एक पट्टा मात्र पाण्यातही दिसत राहिला. तो पूर्णपणे जाईल अशी अपेक्षा ठेवलेली नाही.

नव्या दिव्यांची चौकशीही केली. कंपनीचा एक दिवा तीन हजारांच्या पुढे आणि बाजारातला बाराशे ते पंधराशे रुपयांना आहे. बाजारातल्या दिव्याच्या काचेवरचा संरक्षक थर कसा आहे हे विकत घेताना कळण्याची सोय नाही, म्हणून आधी दुरुस्ती करून पाहायचे ठरवले.

१० नोव्हेंबर, रविवार

भेटणारा प्रत्येक जण टूथपेस्ट सुचवतो, म्हणून डाव्या काचेच्या अर्ध्या भागावर टूथपेस्ट आणि उरलेल्या अर्ध्यावर गाडीच्या रंगाचे रबिंग कंपाऊंड (रंग घासून चमकवायची पेस्ट) लावून हाताने घासले. दोन्हीकडे फरक पडला आणि कंपाऊंडचा भाग तर चांगलाच उजळला. उजव्या काचेवर मात्र दोन्हींचा काही उपयोग झाला नाही. तिथे कारखान्यात दिलेला कडक थर अर्धवट शिल्लक आहे आणि अर्धवट उडालेला आहे. पॉलिश त्या उरलेल्या थरावरून नुसते फिरत राहते.

डास मारण्याच्या किंवा अंगाला लावायच्या औषधाने काच चमकते, असेही सांगितले जाते. अंगाला लावायच्या काही औषधांतील डीट हे द्रव्य प्लास्टिकचा वरचा पापुद्रा विरघळवते, म्हणून तात्पुरती चमक येते. नंतर तोच पापुद्रा चिकट व कमकुवत राहतो. तो प्रयोग केला नाही.

१६ आणि १७ नोव्हेंबर

भंगार बाजारातून दुसऱ्याच एका गाडीचा, मागची खुंटी तुटलेला आणि काच पिवळी पडलेला हेडलाइट दीडशे रुपयांना आणला. या सगळ्या कामातील सर्वांत शहाणपणाची खरेदी हीच ठरली. कोणाला हे काम प्रथमच करायचे असेल, तर पेपर आणि लॅकर यांच्याआधी असा एक भंगार दिवा आणावा.

बाकीचे सामान असे : वॉटर पेपर (पाण्यात भिजवून घासायचा पॉलिश पेपर; नंबर जितका मोठा तितका पेपर बारीक) ४००, ६००, ८००, १०००, १५०० आणि २००० नंबरचे, प्रत्येकी दोन, मिळून २६० रुपये, ३००० नंबरची फोमची चकती २२० रुपये, मास्किंग टेप आणि काळी इन्सुलेशन टेप १४० रुपये, आयसोप्रोपिल अल्कोहोल अर्धा लिटर १९० रुपये. गाड्यांच्या रंगाच्या दुकानातून टू-के क्लिअर (दोन घटक कालवून लावायचे पारदर्शक लॅकर) आणि ते कडक करणारे हार्डनर सुटे, थोडेसेच, १८० रुपयांना घेतले. कंपाऊंड घरात होते.

भंगार काचेचे टेपने तीन भाग केले. पहिला भाग ४०० पासून ३००० पर्यंत घासून कंपाऊंडने चमकवला. दुसरा भाग १००० नंबरवर थांबवून तसाच दुधी ठेवला. तिसरा पुढच्या चाचणीसाठी घासून राखून ठेवला. क्लिअर लावण्यापूर्वी काच पुसायला दुकानदाराने थिनर दिला होता, तो एका कोपऱ्यावर लावून पाहिला. काही मिनिटांतच तिथे पांढुरके जाळे पसरले आणि नखाने दाबल्यावर त्यात भेगा उमटल्या. रंगकामाचा थिनर, अॅसिटोन आणि पेट्रोल यांपैकी काहीही पॉलिकार्बोनेटला लावू नये. पत्र्यावर जे चालते ते इथे चालत नाही, आणि हे नुकसान घासूनही भरून येत नाही, कारण भेगा आतपर्यंत जातात. पुसण्यासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोलच वापरावे.

क्लिअर आणि हार्डनर डब्यावरच्या प्रमाणात कालवून पहिल्या दोन भागांवर मऊ ब्रशने लावले. ब्रशच्या रेघा राहिल्या, पण इथे प्रश्न फक्त थर धरतो की नाही एवढाच होता. आठवडाभर तसेच ठेवायचे आहे.

२० नोव्हेंबर, बुधवार

विधानसभेच्या मतदानाची सुट्टी असल्याने सकाळी मत देऊन आल्यावर उजवी काच घासायला घेतली. भंगार काचेचा आठवडा पूर्ण होण्याची वाट पाहायला हवी होती. सुट्टी वाया जाऊ नये म्हणून पाहिली नाही, आणि त्याची किंमत पुढच्या नोंदीत आहे.

आधी बॉनेट आणि बंपरच्या कडा झाकल्या. केवळ कागदी मास्किंग टेप लावली तर ती पाण्याने सुटते आणि कडेचा रंग पेपरखाली येतो. म्हणून खाली इन्सुलेशन टेप आणि तिच्यावर मास्किंग टेपचे दोन थर लावले. तरीही बॉनेटच्या कडेची टेप दोनदा बदलावी लागली.

४०० नंबरचा पेपर अर्धा तास पाण्यात भिजवून, छोट्या रबरी ठोकळ्याला गुंडाळून आडवा घासायला सुरुवात केली. पाण्यात दोन थेंब भांडी घासायचे द्रव घातले की पेपर अडकत नाही. सुरुवातीला निघणारे पाणी पिवळसर असते. जुना थर जिथे पूर्ण निघाला तिथे पाणी ताकासारखे पांढरे येऊ लागते, आणि जिथे तो शिल्लक आहे तिथे पिवळेच राहते. या कामात लक्ष ठेवण्याची खूण हीच. काच पुसून टॉर्च तिरपी धरली की उरलेल्या थराची बेटे कडांसह स्पष्ट दिसतात. माझ्याकडे ती वरच्या कडेला आणि इंडिकेटरच्या बाजूच्या वळणात होती. वळणात ठोकळा टेकत नाही, म्हणून तिथे पेपर बोटांवर घेऊन घासला. मात्र एकाच बोटाने जोर दिला तर खळगा पडतो आणि नंतर उजेड तिथे वाकडा फुटतो, म्हणून दोन-तीन बोटे सपाट ठेवावीत.

एकट्या ४०० नंबरला दीड तास लागला. पुढचे पेपर प्रत्येकी पंधरा-वीस मिनिटांत होतात. प्रत्येक नंबरला घासण्याची दिशा बदलावी : ४०० आडवा, ६०० उभा, ८०० पुन्हा आडवा. असे केले की आधीच्या पेपरची एकही रेघ उरली तर ती लगेच उठून दिसते. दिशा बदलली नाही तर ४०० च्या रेघा २००० पर्यंत लपून राहतात आणि कंपाऊंड लावल्यावर उघड्या पडतात. नंबर बदलताना बादलीतील पाणी आणि फडकेही बदलावे; जाड पेपरचा एक कण राहिला तरी नवी रेघ उमटते.

३००० च्या चकतीनंतर ड्रिलला फोमचे पॅड लावून कमी वेगात कंपाऊंड फिरवले. पॅड एका जागी थांबवू नये. पॉलिकार्बोनेट साधारण १४७ अंश सेल्सिअसला मऊ पडते आणि कोरडे पॅड जोरात फिरले तर घर्षणाने पृष्ठभाग बिघडण्याइतकी उष्णता सहज निर्माण होते. काचेला हात लावून पाहत राहावे. चटका बसण्याआधीच थांबावे.

संध्याकाळी काच इतकी नितळ दिसत होती की काम संपले असे वाटावे. पुष्कळ जण याच टप्प्यावर थांबतात आणि सहा-आठ महिन्यांत पूर्वीपेक्षा अधिक पिवळ्या काचेकडे पाहत बसतात. आपण घासून जो थर काढला तोच अतिनील किरणांपासून प्लास्टिकचे रक्षण करत होता, आणि आता ते उघडे आहे. काचेवर जुनी सुती चादर टाकून गाडी झाकून ठेवली.

२४ नोव्हेंबर, रविवार

भंगार काचेवरच्या क्लिअरला ब्लेडने बारीक चौकटी पाडल्या, त्यांवर टेप दाबून बसवली आणि झटक्याने ओढली. १००० नंबरवर थांबवलेल्या भागातील एकही चौकट निघाली नाही. चमकवलेल्या भागातील क्लिअर टेपबरोबर पापुद्र्यासारखे निघून आले. गुळगुळीत पृष्ठभागाला क्लिअर धरून राहायला खाचाच नसतात, आणि कंपाऊंडमधील तेलकट अंश अल्कोहोलने पुसूनही थोडा मागे राहतो.

क्लिअरच्या दुकानात हे सांगितल्यावर तिथे बसलेले पेंटर हसले. "काका, पॉलिश केल्यावर क्लिअर धरतंय होय? हजारच्या पेपरवर थांबायचं, बाकीचं क्लिअर भरून काढतंय." हे वाक्य आठवडाभर आधी कानावर पडले असते तर बरे झाले असते.

म्हणजे २० तारखेला चमकवलेली उजवी काच पुन्हा खराब करणे भाग होते. आधी भांड्यांच्या साबणाने, मग अल्कोहोलने दोनदा पुसून तिच्यावर ८०० आणि नंतर १००० चा पेपर फिरवला. १५०० पासून कंपाऊंडपर्यंतची सगळी मेहनत आणि ३००० ची चकती फुकट गेली. ज्यांना क्लिअर लावायचे आहे त्यांनी १५००, २००० आणि ३००० चे सामान घेऊच नये. ते फक्त क्लिअरवर धूळ बसली तर ती काढायला लागते, आणि त्यासाठी २००० चा एक कागद पुरतो.

१ डिसेंबर, रविवार

डावी काच घासली. थर पातळ झालेला असला तरी अखंड होता, त्यामुळे तो काढायला उजवीपेक्षा जास्त वेळ लागला. धुरकट काच सोपी आणि पिवळी अवघड, हा माझा अंदाज उलटा निघाला : पोपडे सुटलेला थर लवकर निघतो, घट्ट बसलेला निघत नाही. ४०० ने फारच सावकाश काम होऊ लागल्यावर मधल्या भागात ३२० वापरला आणि त्याच्या रेघा काढायला ४०० पुन्हा फिरवावा लागला.

आजच क्लिअर मारायचे होते. पण काल रात्री फेंगल चक्रीवादळ पुदुच्चेरीजवळ किनाऱ्यावर आले आणि इकडे आभाळ भरून हवा दमट झाली. दमट हवेत क्लिअर मारले तर त्यातील द्रावक उडताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर बाष्प बसते आणि थर पांढुरका होतो. शिवाय हार्डनरची पाण्याशीच प्रक्रिया होऊन बारीक बुडबुडे येऊ शकतात. द्राक्षबागायतदारांइतकी नसली तरी आमचीही नजर दोन-तीन दिवस आभाळाकडेच होती. शेवटी काम पुढे ढकलले. दोन्ही काचा झाकलेल्या आहेत आणि गाडी रात्री बाहेर काढणे बंद आहे.

१५ डिसेंबर, रविवार

हवा कोरडी, थंड आणि स्वच्छ आहे. हार्डनर आतच असलेला टू-के क्लिअरचा कॅन १,१५० रुपयांना मागवला होता. त्याच्या तळाची पिन दाबली की दोन्ही घटक मिसळतात आणि तिथून एक-दोन दिवसांतच कॅन निकामी होतो. म्हणून दोन्ही काचा एकाच वेळी तयार असल्याशिवाय पिन दाबू नये. साधा, हार्डनर नसलेला स्प्रे दोन-अडीचशे रुपयांना मिळतो, पण तो पेट्रोलच्या ओघळानेही सुटतो आणि उन्हात टिकत नाही.

टू-के क्लिअरमधील हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. त्याचे तुषार श्वासात गेले तर दम्यासारखा कायमचा त्रास जडू शकतो आणि कापडी मास्कने त्यांना अजिबात अडथळा होत नाही. सेंद्रिय वाफांसाठीची काडतुसे असलेला मास्क ८५० रुपयांना घेतला, हातमोजे आणि चष्मा घातला, काम उघड्या अंगणात केले आणि घरच्यांना आत राहायला सांगितले. हा खर्च वाचवायचा असेल तर काचा घासून पेंटरकडे न्याव्यात आणि क्लिअर त्याच्याकडून मारून घ्यावे. बिनमास्कचे काम करू नये.

सकाळी दोन्ही काचांवरून ओला १००० पेपर हलका फिरवला, धुऊन पूर्ण वाळवल्या आणि अल्कोहोलने पुसल्या. बॉनेट, समोरची काच, बंपर आणि टायर जुन्या वर्तमानपत्रांनी व प्लास्टिकने झाकले. तुषार वाटतात त्यापेक्षा फार दूर जातात. अंगणात पाणी शिंपडले म्हणजे धूळ उडत नाही, पण गाडीच्या अगदी जवळ शिंपडू नये. अकराच्या सुमारास ऊन काचेवर येण्याआधी भंगार काचेच्या राखून ठेवलेल्या तिसऱ्या भागावर पहिला फवारा मारून पाहिला. जाळे आले नाही, तेव्हा पुढे गेलो.

पहिला थर अगदी विरळ, नुसता धुक्यासारखा मारला. दहा मिनिटांनी दुसरा आणि त्यानंतर पुन्हा दहा मिनिटांनी तिसरा थर ओलसर दिसेल इतका मारला. कॅन वीस-पंचवीस सेंटीमीटरवर ठेवावा आणि प्रत्येक फेरी काचेच्या बाहेर सुरू करून बाहेरच संपवावी. दुधी काच दुसऱ्या थराबरोबर एकदम पारदर्शक झाली. १००० च्या रेघा क्लिअरने भरून काढल्या. उजव्या काचेच्या खालच्या कडेला तिसरा थर जरा जड झाला आणि एक लहान ओघळ आला. ओला असताना त्याला हात लावला नाही. डाव्या काचेवर एक चिलट येऊन चिकटले. तेही तसेच राहू दिले. ओल्या क्लिअरमधील दोष लगेच काढू गेले की छोट्या दोषाचा मोठा दोष होतो.

टेप क्लिअर चिकट असतानाच, थर पूर्ण कडक होण्याआधी, आतून बाहेर तिरपी ओढून काढली. तासाभराने बोटाला लागेनासे झाले. आठवडाभर गाडी धुवायची नाही.

२२ डिसेंबर, रविवार

चिलटाचा ठिपका आणि ओघळ २००० च्या ओल्या पेपरने सपाट करून कंपाऊंडने त्या जागा चमकवल्या. ठिपका गेला. ओघळ जवळून पाहिल्यास दिसतो, पण उजेडात त्याची सावली पडत नाही. केसासारख्या भेगांचा पट्टाही अपेक्षेप्रमाणे राहिला.

रात्री भिंतीपासून पाच मीटरवर गाडी उभी करून पाहिले. लो बीमची कापलेली कड, म्हणजे भिंतीवर उजेड जिथे संपतो ती वरची रेघ, आता स्पष्ट दिसते. पूर्वी तिथे नुसता पिवळा धुरळा होता. कड बल्बच्या उंचीपेक्षा साधारण पाच सेंटीमीटर खाली ठेवली, कारण स्वच्छ काचेतून उजेड वर गेला तर समोरच्याच्या डोळ्यांत जातो. काच धुरकट असताना बिघडलेली जुळवणी कोणाच्या लक्षात येत नाही, म्हणून काचेचे काम झाल्यावर ही तपासणी करावीच.

डावी बाजू मात्र अजूनही मंद होती. इंजिन सुरू ठेवून मोजल्यावर बॅटरीवर १३.९ व्होल्ट आणि डाव्या बल्बच्या होल्डरवर जेमतेम ११.६ व्होल्ट मिळाले. व्होल्टेज दहा टक्के घटले तर हॅलोजन बल्बचा उजेड सुमारे तीस टक्के घटतो, हे लक्षात घेतले तर डावीकडचा निम्म्याच्या आसपास उजेड वायरमध्येच जात होता. अर्थिंगचा बोल्ट गंजलेला होता; तो घासून, ग्रीस लावून पुन्हा आवळल्यावर १३.२ व्होल्ट आले. इतक्या साध्या गोष्टीसाठी लोक शंभर वॉटचे बल्ब बसवतात आणि होल्डर वितळवून घेतात. मी दोन्हीकडे नेहमीचे ६०/५५ वॉटचे नवे बल्ब बसवले, जोडीला ३८० रुपये पडले. बसवताना बल्बच्या काचेला बोट लागू देऊ नये; लागल्यास अल्कोहोलने पुसावे.

एकूण खर्च ३,५२० रुपये झाला. त्यातून पुन्हा वापरता येणारा मास्क आणि बल्ब वगळले, तर काचेचे काम २,२९० रुपयांचे. न लागलेले पेपर व चकती घेतली नसती तर त्यातही तीनशे-साडेतीनशे रुपये वाचले असते. बाजारातले दोन नवे दिवे अडीच-तीन हजारांना मिळत होते हे पाहता पैशांची बचत फारशी नाही. कंपनीच्या दिव्यांशी तुलना केली तरच ती डोळ्यांत भरते.

१९ जानेवारी २०२५, रविवार

या आठवड्यात तपासणी झाली. दिव्यांबद्दल कोणतीही शंका काढली गेली नाही.

८ जून २०२५, रविवार

संपूर्ण उन्हाळा गेला. पिवळेपणा नाही, थर कोठेही उचललेला नाही आणि कडेला लावलेल्या टेपबरोबर काही निघून आले नाही. फरक एवढाच की, मार्चपासून उभी असताना गाडीचे तोंड उत्तरेला करतो. त्याला खर्च नाही.

मे महिन्याच्या उत्तरार्धात आलेल्या अवेळी जोरदार पावसानंतर मात्र डाव्या दिव्यात आतून दव साचू लागले. आधी क्लिअरचा संशय आला, पण दव आतल्या बाजूला होते. मागचे रबरी बूट (बल्बमागे बसणारे रबरी झाकण) डिसेंबरात बल्ब बदलताना एका बाजूने मुडपून बसले होते आणि तिथून पाणी शिरत होते. बूट काढून, बल्ब बाहेर घेऊन दिवा दुपारभर उन्हात वाळवला, हवा जाण्याच्या छोट्या नळीतील मातीचे घरटे तारेने काढले आणि बूट "वर" लिहिलेली खूण वर ठेवून पुन्हा बसवले. कालच्या पावसानंतर दव आलेले नाही. नळी सिलिकॉनने बंद करण्याचा सल्ला मिळाला होता. तसे केल्यास आत शिरलेली वाफ बाहेर पडायला वाटच उरत नाही, म्हणून ती उघडीच ठेवली आहे.